भर दुपारचं फिरणं

लग्न होऊन मी तुळजापूरहून परंड्याला आले तेव्हा आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुढं राज्यांची नवी वाटणी झाली, आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि त्याच्या लगेच पुढच्या उन्हाळ्यात परंड्याच्या कचेरीत पुण्याकडचे एक साहेब बदलून आले. त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली, वाळ्याचे पडदे आले, आणि एक कुत्रं आलं.

कुत्री आम्हाला नवी नव्हती. धनगरांची होती, गल्लीतली होती. पण गळ्यात पट्टा घालून, साखळी धरून कुत्र्याला फिरायला न्यायचं असतं, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. तांबूस, दाट केसांचं, लोंबत्या कानांचं ते जनावर साहेबांच्या शिपायाबरोबर रोज संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूला जायचं, आणि बाजारातली माणसं तागडी खाली ठेवून बघत बसायची.

आमचे हे त्याच कचेरीत कारकून होते. अजून कायम झालेले नव्हते. ह्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. निजामाच्या अमलात तीच भाषा कामाची, आणि ह्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की लोक अर्ज लिहून घ्यायला लांबून येत. आता सगळा कारभार मराठीत आला. घरात जन्मभर मराठी बोललेला माणूस मराठी लिहायला बसला की घामाघूम व्हायचा. माहेरी मी मराठी लिहायला शिकले होते, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ मला विचारायचे, तेही आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्यावर, हळूच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बायको आपल्यापेक्षा शहाणी आहे हे आईच्या कानावर जाऊ नये, असं ह्यांना वाटायचं. आपल्याला काढून टाकतील ही धास्ती ह्यांनी कधी बोलून दाखवली नाही. पण जेवताना मधेच हात थांबायचा, आणि मला कळायचं.

वैशाख लागला तसा साहेबांचा शिपाई तापानं आजारी पडून गावाकडं गेला. दुसऱ्या दिवशी हे घरी आले, जेवले आणि म्हणाले, "साहेबांचं कुत्रं फिरवायचं काम माझ्याकडं आलंय. शिपाई बरा होईपर्यंत."

आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता मान वळवली. "तुला? कुत्रं?"

"साहेबांचा हुकूम आहे," हे म्हणाले आणि उठले.

उन्हाळ्यात कचेरी सकाळची असायची. हे दुपारी घरी यायचे, जेवायचे, आणि जिथं सगळं गाव दारं लावून आडवं व्हायचं तिथं हे बाहेर पडायचे. टोपी खुंटीला ठेवायचे. उघड्या डोक्यानं उंबरा न ओलांडणारा माणूस, पण त्या वेळी ओला पंचा डोक्याला गुंडाळायचा, तो नाकापर्यंत खाली घ्यायचा आणि जायचा. मला वाटायचं, उन्हासाठी.

आमच्या शेजारी बांगड्या भरणारी एक चाची राहायची. म्हातारी, एकटी. तिचा ओटा मोठ्या रस्त्यावर उघडायचा. तिनं एके दिवशी माझ्या हातात बांगडी चढवता चढवता विचारलं, "बहू, तेरे घरवाले को क्या हुआ? इत्ती धूप में कुत्ता लेको फिरता. वो जनावर पाव उठा उठा को चल रहा."

मी म्हटलं, "साहेबांचं काम आहे, चाची."

"साहेब क्या अंधा है?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या ओट्यावर जाऊन, तट्ट्याच्या आड उभी राहिले. वेशीपासून कचेरीपर्यंतच्या रस्त्यावर त्याच वर्षी डांबर पडलं होतं. गावाला त्याचं केवढं कौतुक. पण वैशाखात ते डांबर मऊ व्हायचं, बैलगाडीच्या लोखंडी धावांचे चर पडायचे, आणि वरून पाहिलं तर काळं पाणी हलतंय असं वाटायचं. त्यावरून हे येत होते. तोंडाला पंचा. मागं साखळीला ते कुत्रं. ते चालत नव्हतं, नाचत होतं. एक पाय टेकवायचं, लगेच उचलायचं, दुसरा टेकवायचं. भिंतीलगत हातभर सावली होती तिकडं ओढ घ्यायचं. लिंबाच्या झाडाखाली पोचल्यावर ते बसलं ते उठेना. ह्यांनी एकदा साखळी ओढली, दोनदा ओढली. मग साखळी सैल सोडून तसेच उभे राहिले. झाडाची सावली होती कुत्र्यापुरतीच, हे उन्हात.

चाची माझ्याशेजारी होती. तीही बघत होती. माझा नवरा असा दिसताना दुसरं कुणीतरी बघतंय, ह्यानं माझे कान तापले. मी पदर ओढून घरी आले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. साहेबाला कुणी सांगायचं? ह्यांना बोलायची सोय नव्हती. मी विषय काढला की म्हणायचे, "असू दे गं. थोड्या दिवसांचं काम आहे." आत्याबाईंशी बोलले तर त्या घाबरल्या. "साहेबाच्या दारात बाईमाणसानं जाऊन भांडायचं? आन् उद्या त्यानं ह्याला घरी बसवलं म्हंजी? न्हाय बाई, आपण गप बसावं." चाचीचं म्हणणं दुसरंच. "साहेब कू नक्को बोल. बाई कू बोल. औरत औरत का सुनती."

मी कैरीचं पन्हं केलं, पितळी गडू भरला, आणि एका सकाळी, साहेब कचेरीत असताना, बंगल्यावर गेले. बंगला कसला, निजामाच्या वेळची कौलारू कचेरीच ती, पण सगळे बंगला म्हणायचे. बाईसाहेब माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली. मी खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांनी पन्हं चाखून वेलदोडा किती घातला विचारलं, तुळजापूरचं देऊळ पाहायचं आहे म्हणाल्या. टेबलाखाली कुत्रं पुढचा पाय चाटत पडलं होतं. मी त्याच्याकडं बघत होते. बोलायचं पाठ करून आले होते, पण तोंड उघडलं की 'हो' आणि 'नाही' एवढंच बाहेर यायचं. निघताना त्यांनी गडू रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात साखर घालून दिली. ती साखर घेऊन मी घरी आले आणि आत्याबाईंना म्हटलं, "बाई चांगल्या आहेत." आणि स्वतःचाच राग आला.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी दारात ह्यांची हाक आली. "अगं, जरा तेल आण." बघते तर कुत्रं आमच्या उंबऱ्यासमोर आडवं, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. चारही पायांच्या बोटांमध्ये डांबर शिरलेलं, त्यात खडे रुतलेले. मी करडीच्या तेलाची वाटी आणली आणि त्याचा पंजा मांडीवर घेतला. तेल चोळलं तसं डांबर सुटायला लागलं, आणि डांबराबरोबर कातडीही. आतून लालबुंद. ते कण्हलं, पण चावलं नाही. माझ्या मनगटाला नाक लावून पडून राहिलं.

आत्याबाई सोवळ्यात होत्या. मला वाटलं ओरडतील. पण त्यांचं माहेर अणदूरचं, घरात खंडोबा. त्या लांबूनच म्हणाल्या, "देवाचं जनावर ते. त्याला पाणी दे आधी." आणि स्वतः फुटक्या माठाचं बूड आणून उंबऱ्याबाहेर ठेवलं.

हे भिंतीला टेकून उभे होते. पंचा अजून तोंडाला तसाच. मी म्हटलं, "असं का फिरवायचं ह्याला? माणूस आहे का कोण तो साहेब? त्याला स्वतः चालवा म्हणावं ह्या डांबरावरून, अनवाणी." ह्यांनी वाकून माठाचं बूड कुत्र्याच्या तोंडाजवळ सरकवलं. ऊन कलल्यावर त्यांनी कुत्र्याला उचललं आणि मागच्या गल्लीनं बंगल्याकडं नेऊन सोडलं.

मी थांबले नाही. ते परत आल्यावर हातपाय धुवायला आत गेले, तशी मी बाहेर पडले. ह्या वेळी गडू नव्हता.

बाईसाहेब व्हरांड्यात होत्या. साहेब बाहेर गेलेले. मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानंच सगळं बोलले. "बाईसाहेब, तुम्ही मोठी माणसं, तुमच्या हाताखालचा माणूस तुम्हाला नाही म्हणणार नाही. पण भर उन्हात, डांबर वितळत असताना, त्या मुक्या जनावराला फिरवायला सांगायचं, आणि माझ्या नवऱ्याला? पाय बघा त्याचे. कातडं निघालंय. माणसाचंही निघतं, पण ते दिसत नाही."

शेवटचं वाक्य माझं मला आवडलं होतं. ते वाटेत सुचलेलं होतं.

बाईसाहेब उठल्या, कुत्र्याजवळ गेल्या, गुडघ्यावर बसून पंजा उलटा करून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटत होतं काटा लागलाय म्हणून चाटतोय," त्या म्हणाल्या. "मी बघायला हवं होतं." मग वर पाहून म्हणाल्या, "पण दुपारी? दुपारी कोण नेतं त्याला? ते संध्याकाळी नेतात ना? आम्ही संध्याकाळी बाहेर पडतो, आल्यावर हा दमून झोपलेला असतो."

मी म्हटलं, "दुपारी नेतात. साहेबांचा हुकूम आहे म्हणून."

त्यांनी स्वयंपाकीण मावशींना हाक मारली. त्या ओल्या हातांनीच दारात आल्या. बाईसाहेबांनी विचारलं तशा म्हणाल्या, "व्हय की. कारकूनसाहेब दुपारीच येत्यात. तुमी निजलेल्या असता. म्या म्हणलं त्यास्नी, ऊन लई हाय, सकाळी येरवाळी या न्हायतर दिवस मावळता या. तर म्हणले, तवा रस्त्यावर माणसं असत्यात."

मावशी हात पुसत आत गेल्या.

बाईसाहेब माझ्याकडं बघत नव्हत्या. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांनी हुकूम नव्हता केला हो. शिपाई गेल्यावर कचेरीत नुसतं म्हणाले होते, आता ह्याचं कसं करायचं. तेव्हा तुमचे यजमान स्वतःच म्हणाले, मी नेतो. आम्हाला तर संकोचच वाटला होता."

त्या चिडल्या असत्या, मला हाकलून दिलं असतं, तर मी ताठ मानेनं घरी आले असते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बसा ना, पाणी देते." मी पाणी न पिताच निघाले. फाटकापर्यंतची वाट संपता संपेना. त्यांच्यापुढं मी माझा नवरा उघडा पाडून आले होते. बाजारात चारचौघांनी पाहू नये म्हणून जो माणूस स्वतःला आणि त्या जनावराला जाळत होता, त्याला मी नेमकं जिथं त्याची अब्रू अडकली होती तिथं नेऊन उभं केलं होतं.

घरी हे ओसरीवर बसले होते. मी समोर बसले आणि कुठं जाऊन आले ते सांगितलं. मावशी काय म्हणाल्या तेही. ह्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, रागावतील. ते पंच्याची घडी घालत होते. घालायचे, मोडायचे, परत घालायचे.

"मी वर्गात पहिला यायचो," ते म्हणाले. "ह्याच गावात. माझे मास्तर मला रस्त्यात थांबवून दुसऱ्या मास्तरांना दाखवायचे. त्याच रस्त्यानं साखळी धरून कसा जाऊ, सांग."

"मग नेतो म्हणालात कशाला?"

"नको म्हणाले असते साहेब, तर बरं झालं असतं." त्यांनी घडी परत मोडली. "माझं मराठी वाचून साहेब हसत नाहीत. इतर हसतात. ते स्वतः दुरुस्त करून देतात. मला वाटलं, त्यांच्यासाठी काहीतरी करावं. आणि खरं सांगू का, वाटलं, कायम करताना आठवण राहील."

आत देवापाशी आत्याबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या माळेचा आवाज थांबल्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ह्यांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं, तुम्हाला उगाच त्रास झाला, आता यायची गरज नाही, त्याचे पाय बरे होईपर्यंत त्याला फिरवायचंच नाही. आवाज चढवला नाही. उलट आभार मानले. हे घरी येऊन म्हणाले, "आभार मानले माझे," आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून पडले. आमच्यात त्या दिवसांत फार बोलणं नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घ विचारायचंही त्यांनी सोडलं.

कुत्र्याला मात्र ह्यातलं काही माहीत नव्हतं. दुपार झाली की त्याला ह्यांची सवय. बाजाराच्या दिवशी, टळटळीत उन्हात, ते पट्ट्यातून मान काढून निसटलं आणि लंगडत आमच्या दारात येऊन बसलं. पायाला बांधलेल्या चिंध्या वाटेत सुटलेल्या. जखमांवर परत डांबर.

मी तेल आणलं. ह्यांनी पंजे धरले. आत्याबाईंनी पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "ऊन उतरू दे. आता त्याला भुईवर चालवू नका."

"बंगल्यावर निरोप पाठवते," मी म्हटलं. "कुणीतरी येऊन नेईल."

ऊन उतरलं तेव्हा बाजार अगदी भरात होता. परंड्याचा बाजार म्हणजे आसपासच्या सगळ्या खेड्यांतली माणसं, बैल, शेळ्या, आणि सगळ्यांचा रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडावरून. हे उठले. खुंटीवरची टोपी घातली, कोटाची बटणं लावली. मग वाकून कुत्र्याला दोन्ही हातांवर उचललं. लहान नव्हतं ते. पाय लोंबत होते.

"मागच्या गल्लीनं जा," मी म्हटलं.

"लांब पडतं," ते म्हणाले आणि मोठ्या रस्त्याला लागले.

मी त्यांच्या मागून, जरा अंतर ठेवून गेले. त्या काळी नवरा-बायको बाजारातून बरोबर चालत नसत. चाची ओट्यावरून उठून उभी राहिली. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपी, बांगड्या, सगळ्यांमधून हे चालले होते आणि माणसं बाजूला होत होती. कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. पानाच्या दुकानापाशी कचेरीतलेच दोघे उभे होते. त्यांतला एक ओरडला, "काय कारकूनसाहेब, साहेबांचं लेकरू कडेवर घेतलं काय?"

हे थांबले. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. "पाय पोळलेत त्याचे," ते म्हणाले. "मी दुपारी फिरवत होतो. माझ्यामुळं पोळलेत."

त्यावर तो बाजूला झाला. पण आम्ही पुढं गेल्यावर पाठीमागं परत हसणं सुरू झालं. मी मान खाली घालून डांबराकडं बघत चालले. मला अभिमान वाटला असं आता लिहिता येईल, पण ते खोटं ठरेल. मला लाज वाटत होती. ह्यांची वाटत होती, माझी वाटत होती, त्या कुत्र्याच्या लोंबत्या पायांची वाटत होती. लवकर बंगला येऊ दे, एवढंच वाटत होतं.

बंगल्यावर साहेब स्वतः बाहेर आले. हे म्हणाले, "संध्याकाळी न्यायचं ठरलं होतं, मी दुपारी नेलं, साहेब. आपल्याला सांगितलं नाही." साहेबांनी कुत्रं स्वतःच्या हातावर घेतलं. म्हणाले, "मलाही विचारायला हवं होतं. रोज समोर असतो हा." मग साहेब आत गेले आणि आम्ही परतलो.

पाय बरे झाले. पावसाळा संपायच्या आत साहेबांची बदली झाली. ह्यांना कायम केलं ते पुढं, दुसऱ्या साहेबांच्या वेळी, मराठीची परीक्षा देऊन. अभ्यास त्यांनी माझ्यासमोर बसून केला, आत्याबाईंच्या देखत. पण गावात ह्यांना नाव पडलं ते पडलंच. आमच्या पोरांना शाळेत 'कुत्रेवाल्या कारकुनाची' म्हणत. मोठी एकदा रडत घरी आली आणि खरं काय ते विचारू लागली. ह्यांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. बाहेर यायचं मला धाडस झालं नाही.

साहेबांची मालमोटार निघाली त्या सकाळी बाईसाहेब आमच्या दारात निरोप घ्यायला उतरल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. कुत्रं मोटारीत पुढं बसलं होतं. आमचं दार ओळखून ते भुंकायला लागलं, काही केल्या थांबेना. मी आत वळून पाहिलं. हे कवाडाच्या आड भिंतीला पाठ लावून उभे होते. मी खुणेनं या म्हटलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. "मला बघून ते उतरायला जाईल," पुटपुटले. मोटार वेशीबाहेर जाईपर्यंत भुंकणं ऐकू येत होतं. मग ते बाहेर आले, टोपी घातली, आणि रोजच्यासारखे कचेरीला गेले.